काकडीच्या पानांवर डाग आलेत? औषध आणायच्या आधी पान उलटून बघा

वेल मस्त वाढत असतो, रोज नवी फुलं, बोटाएवढ्या काकड्या लोंबायला लागलेल्या, आणि एका सकाळी खालच्या दोन पानांवर काहीतरी डाग दिसतात. आपण म्हणतो जाऊदे, जुनी पानं आहेत. आठवड्याने बघतो तर अर्धा वेल पिवळा. घरी काकडी लावलेल्या बहुतेकांनी हे कधी ना कधी बघितलंय, आणि अशा वेळी आपण पहिलं काय करतो तर धावत जाऊन "बुरशीचं औषध" आणतो आणि मारतो. मीही तेच केलं होतं. पानांवर पिवळे डाग होते, कुणीतरी सांगितलं दूध-पाणी मारा, बुरशी जाते, मी मनापासून तीन आठवडे दूध मारत राहिले आणि सहाच्या सहा वेल डोळ्यांदेखत वाळले. नंतर कळलं की माझ्या वेलांना झाला होता केवडा नावाचा रोग, आणि दूध चालतं भुरी नावाच्या दुसऱ्याच रोगावर.

आपण दोन्हीला बुरशीच म्हणतो पण एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही, आणि एकीला वाढायला जे लागतं ते दुसरीला चालतही नाही. म्हणून मी इथे सगळ्यात जास्त वेळ ओळखण्यावरच घालवणार आहे, फवारणी नंतर.

आधी भुरी. ही ओळखायला सोपी. पानावर टाल्कम पावडर सांडल्यासारखे पांढरे गोल ठिपके, आधी पैशाएवढे, मग एकमेकांत मिसळून अख्खं पान पांढरं. सुरुवात जुन्या, खालच्या, सावलीतल्या पानांवर होते, आणि कित्येकदा वरून काहीच दिसत नाही पण मागच्या बाजूला आणि देठावर ठिपके असतात. बोटाने पुसा, पावडर बोटाला लागते आणि खाली पान हिरवं किंवा किंचित पिवळट दिसतं. पुसून जातच नसेल, डाग पानाच्या आतच असल्यासारखा रुपेरी दिसत असेल तर तो रोग नसेलही, या कुळातल्या काही जातींच्या पानांवर शिरांच्या कोपऱ्यांत असे नैसर्गिक रुपेरी चट्टे असतात, दुधी-भोपळ्याच्या भाऊबंदांत जास्तच. आणि हो, मागच्या फवारणीचं गंधक किंवा सोडा सुकून पांढरा राहिला असेल तरी लोक घाबरून परत फवारतात, तेही आधी आठवून बघा.

भुरीची गंमत म्हणजे तिला पानावर पाणी नको असतं. हवा दमट हवी, सावली हवी, दाटी हवी, २० ते २७ अंश तापमान तिला फार आवडतं, पण पानावर थेंब साचले तर उलट तिच्या बीजाणूंचं (ज्यांतून ती पसरते त्या बारीक कणांचं) नुकसानच होतं. म्हणून ती पाऊस नसलेल्या दिवसांतही जोरात येते आणि आपल्याला कळत नाही की अरे पाऊस नाही काही नाही मग बुरशी आली कुठून. वाऱ्याने येते. बीजाणू पानावर पडल्यापासून ३ ते ७ दिवसांत पांढरा ठिपका दिसतो, म्हणजे आज दोन पानं दिसली तर समजायचं की अजून पाच-सहा पानांवर ती आधीच बसलेली आहे, फक्त दिसत नाहीये. काकडीवर बहुतेक वेळा पोडोस्फेरा झॅन्थी नावाची भुरी असते, ती भोपळा, दोडका, खरबूज वगैरे वेलांवरही जाते पण शेजारच्या गुलाबावरची किंवा वाटाण्यावरची भुरी वेगळी, ती काकडीवर येत नाही. उगाच गुलाब उपटू नका.

आता केवडा. हा खरा घातकी. वरच्या बाजूला फिकट पिवळे डाग, आणि ते गोल नसतात, कोनाकोनाचे, चौकोनी-त्रिकोणी असतात, कारण डाग पानाच्या शिरेपाशी येऊन अडतो. लांबून बघितलं तर पान कुणीतरी पिवळ्या तुकड्यांनी जोडून शिवल्यासारखं दिसतं. मग ते तुकडे तपकिरी होतात, पानाच्या कडा वर वळतात, पान कागदासारखं वाळतं पण देठ मात्र हिरवा आणि ताठ राहतो. एकदा बघितलं की विसरत नाही माणूस. ह्याचं शास्त्रीय नाव स्यूडोपेरोनोस्पोरा क्युबेन्सिस, १८६८ मध्ये क्युबातून आलेल्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं वर्णन झालं म्हणून क्युबेन्सिस. आणि खरं सांगायचं तर ही बुरशीच नाही, शास्त्रज्ञ हिला ऊमायसीट नावाच्या वेगळ्या गटात टाकतात, शेवाळांच्या जवळचा गट तो. हे मी ज्ञान पाजळायला सांगत नाहीये, ह्याच कारणामुळे खऱ्या बुरशीवरची कित्येक औषधं केवड्याला लागू पडत नाहीत आणि केवड्याची भुरीला.

केवड्याची खात्री पानाच्या मागेच होते. पहाटे, दव वाळायच्या आत, पिवळा डाग जिथे आहे त्याच्या बरोब्बर मागे बघा. राखाडी ते जांभळट अशी बारीक लव दिसते, उंदराच्या पाठीवरचे केस असतात तशी. ऊन वर आलं की ती दिसेनाशी होते म्हणून दुपारी बघून काही कळत नाही. लहान भिंग असेल तर काम सोपं, मोबाईलचा कॅमेरा झूम करूनही दिसते. पहाटे जमत नसेल किंवा शंका असेल तर मी काय करते, संशयित पान संध्याकाळी तोडून ओल्या टिश्यू पेपरसोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालते, तोंड बंद, रात्रभर घरातच काळोखात ठेवते, सकाळी मागची बाजू बघते. केवडा असेल तर बहुतेक वेळा लव उगवलेली असते, अगदी डागाच्या आकारात, शिरेपाशी कापल्यासारखी थांबलेली. ही एक छोटीशी गोष्ट मला माहीत असती तर ते सहा वेल वाचले असते.

केवड्याला पानावर पाणी लागतंच. पान साधारण ६ तास ओलं राहिलं आणि हवा १५ ते २० अंशांच्या आसपास असली की झालं, आणि सगळंच त्याच्या सोयीचं असेल तर २ तास ओलावाही पुरतो. लागण झाल्यापासून ४ ते १२ दिवसांत डाग दिसतात. म्हणजे रात्रीचं दव, संध्याकाळी वरून घातलेलं पाणी, रिमझिम पाऊस, ढगाळ दिवस, ह्यातलं काहीही सलग ३-४ दिवस राहिलं तर पान बघायला सुरुवात करा. फळाला तो थेट लागत नाही पण पानंच गेली की काकडी उन्हात उघडी पडते, भाजते, वाकडी होते, आणि चवही उतरते कारण साखर बनवणारी पानंच उरलेली नसतात.

तिसरा करपा, म्हणजे ॲन्थ्रॅक्नोज. तपकिरी, बऱ्यापैकी गोल डाग, वाळून मधला भाग गळतो आणि पानाला भोक पडतं. देठावर आणि खोडावर लांबट खोलगट चट्टे येतात, आणि फळावर आला तर खोलगट काळपट डाग, ओलाव्यात त्यात गुलाबीसर चिकट पदार्थ दिसतो. हा पावसाच्या आणि झारीच्या पाण्याच्या शिंतोड्यांनी मातीतून आणि जुन्या पाल्यापाचोळ्यातून वर उडतो, बियांमधूनही येतो. म्हणून करप्याच्या वेलाची काकडी बियाण्यासाठी पिकवून ठेवू नका.

आता जे बुरशी नाहीच आहे ते. कोनाकृती डाग केवड्यासारखेच, पण मागे लव नाही, उलट डाग पाण्याने भिजल्यासारखा, सकाळी त्यावर दुधट थेंब आणि ते सुकून पांढरी पापडी, नंतर तो तुकडा गळून पान चाळणीसारखं. हा जिवाणूजन्य ठिपक्यांचा रोग, ह्याला भुरीचं औषध काहीच करत नाही, तांब्याच्या औषधाने थोडा आवरतो. पानभर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके, मागे बारीक जाळी आणि पांढऱ्या कागदावर पान झटकलं की चालणारे कण, म्हणजे लाल कोळी, कीटक-कोळ्यांचा प्रश्न. पान हिरवं-पिवळं चितकबरं, आक्रसलेलं, नवीन शेंडाही तसाच, तर तो मोझॅक व्हायरस, त्याला औषध नाही, वेल काढून टाका. आणि फक्त जुन्या पानांच्या शिरांमध्ये एकसारखा पिवळेपणा, शिरा हिरव्या, डाग नाहीत, लव नाही, तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते. ह्या सगळ्यांना लोक बुरशीनाशक मारतात.

ठीक, ओळखलं. आता काय करायचं.

पहिलं काम पाणी. मला कुणी एकच गोष्ट सांगा म्हटलं तर मी हीच सांगेन, पानं कोरडी ठेवा. पाणी बुंध्याशी, सकाळी, झारीचं तोंड काढून किंवा ठिबकने. संध्याकाळी अंगणात पाईप लावून वरून फवारा मारायची सवय असेल तर ती काकडीपुरती सोडा, कारण संध्याकाळी भिजलेलं पान रात्रभर सुकत नाही आणि केवड्याला हवे ते ६ तास आपण स्वतःच्या हाताने देतो. काही जण भुरी धुऊन काढायला सकाळी पानांवर जोरात पाणी मारतात आणि नुसती भुरीच असेल तर त्याचा थोडा फायदा होतोही, पण सोबत केवडा किंवा करपा असेल तर हे आगीत तेल. त्यामुळे खात्री नसेल तर नकोच.

बुंध्याशी आच्छादन घाला, वाळलेलं गवत, पेंढा, सुकी पानं, जे असेल ते, ५ सेंटीमीटरचा थर, खोडाला चिकटवायचा नाही. माती उडणं थांबलं की करप्याचा निम्मा रस्ता बंद होतो.

मग हवा. काकडी जमिनीवर पसरू देऊ नका, ताटीवर किंवा दोरीवर चढवा, दोन वेलांमध्ये ३० ते ४५ सेंटीमीटर अंतर ठेवा, कुंडीत असाल तर एका मोठ्या कुंडीत दोनपेक्षा जास्त वेल नकोत (मला माहितीये रोपं उपटून टाकायला जिवावर येतं पण चार लावून चारही आजारी पडण्यापेक्षा दोन बरे). जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं वेल मोठा झाला की काढून टाका, ती तशीही सावलीतच असतात. बगलफूट दाट होत असेल तर खालच्या चार-पाच पेरांवरची काढा.

नत्र खत हात राखून द्या. युरिया किंवा ताजं शेणखत भरपूर झालं की पानं मोठी, लुसलुशीत, गडद हिरवी होतात, दिसायला छान, पण तीच भुरीची आवडती जागा आणि त्या दाटीत वारा खेळत नाही. फुलं यायला लागल्यावर पोटॅशवर भर द्या.

आता रोगट पानं काढायचं. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. बघायचं सकाळी, कापायचं दुपारी. सकाळी पान ओलं असताना वेलात हात घालून खळबळ केली की आपण बीजाणू आणि जिवाणू स्वतःच पानोपानी पोचवतो, आणि केवड्याचे बीजाणू तर सकाळी पान सुकायला लागलं की सुटतात. म्हणून सकाळी हलक्या हाताने मागची बाजू बघायची, पान कुठलं ते लक्षात ठेवायचं किंवा देठाला दोरा बांधायचा, आणि पानं पूर्ण कोरडी झाल्यावर कात्रीने काढायची. पान ओढून तोडू नका, खोडाची साल निघते आणि तिथून दुसरा रोग शिरतो. कापलेलं पान थेट पिशवीत, वेलाखाली टाकायचं नाही. एका वेलावरून दुसऱ्यावर जाताना कात्री स्पिरिटने पुसा. आणि एका वेळी चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त पानं काढू नका, ज्या काकड्या वाढतायत त्यांच्या शेजारचं पान थोडं डागी असलं तरी राहू द्या, अर्धं हिरवं पानही काम करत असतं. लोक इथेच चुकतात, रोगाच्या रागात सगळं सोलून काढतात आणि मग वेल उपाशी मरतो.

काढलेल्या पानांचं काय? भुरी आणि केवडा दोघांनाही जिवंत पान लागतं, पान मेलं की तेही फार टिकत नाहीत, त्यामुळे नीट गरम होणाऱ्या कंपोस्टात चालून जातं. पण करपा वाळलेल्या पाल्यात राहतो. ओळखण्यात जराही शंका असेल तर कंपोस्टात टाकू नका, कचऱ्यात द्या किंवा लांब खोल पुरा.

आता फवारणी. कुठलीही असो, काही गोष्टी सारख्याच. पानाच्या मागच्या बाजूला औषध पोचलं नाही तर फवारणी झालीच नाही असं समजा, पंपाचा नोझल खालून वर तोंड करून धरायचा, बारीक धुकं पडलं पाहिजे, थेंब ओघळायला लागले की थांबायचं. आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबायचं, काकडीचं पान नाजूक असतं, पटकन भाजतं. वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर पण पान अंधाराआधी सुकेल इतकी लवकर. काकडीचं फूल सकाळी उघडतं आणि दुपारनंतर मिटायला लागतं, त्यामुळे त्या वेळी मधमाश्याही नसतात. मधमाशी नाही तर काकडी नाही (बिनपरागणाच्या जाती सोडल्या तर), हे विसरून चालणार नाही. दुधाचं तेवढं वेगळं, ते खाली सांगते.

भुरीवर घरच्या घरी चालणारं पहिलं म्हणजे दूध, आणि हे ऐकीव नाही. ब्राझीलमधल्या वॅग्नर बेत्तिओल ह्यांनी १९९९ मध्ये झुकिनीच्या भुरीवर गाईच्या दुधाचे प्रयोग प्रसिद्ध केले, हरितगृहातले, त्यात १० टक्के किंवा त्याहून जास्त दूध आठवड्याला फवारलं तर तेव्हाच्या रासायनिक औषधांइतकाच किंवा जास्त चांगला परिणाम दिसला होता. म्हणजे १०० मिली दूध आणि ९०० मिली पाणी. जास्त घट्ट करून उपयोग नाही, ३० टक्क्यांच्या वर गेलं की दुधावरच पानावर दुसरी बुरशी वाढायला लागते, ती झाडाला त्रास देत नाही पण दिसायला घाण आणि वासही येतो. दुधाचं काम उन्हात चांगलं होतं म्हणून हे एकच मी सकाळी मारते, कोवळं ऊन असताना, फुलं चुकवून, दर ७ दिवसांनी. पहिले ठिपके दिसायच्या आधी किंवा दिसल्या दिसल्या सुरू केलं तरच. अख्खं पान पांढरं झाल्यावर दूध मारणं म्हणजे दूध वाया.

दुसरं, खायचा सोडा किंवा त्याहून चांगलं पोटॅशियम बायकार्बोनेट. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि साध्या लिक्विड सोपचे दोन-चार थेंब म्हणजे द्रावण पानाला चिकटतं. बेकिंग पावडर नाही, सोडा. कपडे धुण्याची पावडर तर अजिबात नाही. खायच्या सोड्यात सोडियम असतं, ते कुंडीच्या मातीत साचत जातं आणि पानांच्या कडा जळतात, म्हणून सोडा कुंडीत सारखा सारखा नको, पोटॅशियमवालं मिळालं तर तेच घ्या.

तिसरं गंधक, पाण्यात मिसळणारं ८० टक्केवालं, लिटरला २ ग्रॅम, भुरीवरचा फार जुना आणि भरवशाचा उपाय. पण काकडीवर गंधक जपून. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर मारू नका, पानं भाजतात, काही जातींना गंधक मुळातच सोसत नाही. आणि नीम तेल किंवा कुठलंही तेल फवारलं असेल तर त्यानंतर दोन आठवडे गंधक नाही, गंधक मारलं असेल तर दोन आठवडे तेल नाही. हे दोन एकत्र आले की पान तांबूस होऊन करपतं आणि आपण समजतो रोग वाढला, अजून फवारतो. माझ्या ओळखीतल्या एकांच्या वेलाचं असंच झालं, रविवारी नीम आणि बुधवारी गंधक, आणि पुढच्या रविवारपर्यंत वेल नव्हताच.

नीम तेल लिटरला ५ मिली, आधी थोड्या कोमट पाण्यात साबणाचे थेंब घालून दुधासारखं होईपर्यंत घुसळायचं मग बाकीचं पाणी, तयार केलेलं त्याच दिवशी संपवायचं. भुरीच्या सुरुवातीला बरं काम करतं, कोळी-मावाही थोडा आटोक्यात येतो. केवड्यावर माझा नीमवर विश्वास नाही.

केवड्यावर मग काय? दूध नाही, सोडा नाही, गंधक नाही. तांबं. बोर्डो मिश्रणाचा जन्मच द्राक्षाच्या केवड्यातून झाला, फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांना, येणारे-जाणारे लोक घड तोडू नयेत म्हणून मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार) आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडायचे आणि तेच वेल केवड्यातून वाचले, हे मियार्दे ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते सगळ्यांपुढे मांडलं. काकडीचं पान द्राक्षापेक्षा नाजूक म्हणून मी नेहमीचं १ टक्का न वापरता अर्धा टक्का वापरते, ५ ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, ५ ग्रॅम चांगला कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं विरघळवायचं, मग दोन्ही एकत्र करत ढवळायचं, गाळून घ्यायचं. त्यात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा, खिळ्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त झालंय, अजून थोडं चुन्याचं पाणी घाला, नाहीतर पान जळेल. हे सगळं नको असेल तर तयार कॉपरची पावडर मिळते, पाकिटावर काकडीचं नाव असेल तर तिथलं प्रमाण पाळा. कशातलंही तांबं असो, गार, ढगाळ, पान वाळतच नाही अशा हवेत काकडीला त्रास देऊ शकतं आणि मातीत साचत जातं, म्हणून हंगामात मोजक्याच वेळा.

एक नीट समजून घ्या, तांबं पानाच्या बाहेर थर बनवून बसतं, आत शिरलेल्या केवड्याला ते मारत नाही. डाग पडलेलं पान हिरवं होणार नाही. फवारणी चालली की नाही हे जुन्या डागांवरून नाही तर वरच्या नवीन पानांवरून ठरवायचं, फवारणीनंतर आलेली चार पानं स्वच्छ असतील तर जमलं. पाऊस झाला की थर धुऊन जातो, परत मारावं लागतं.

रासायनिक औषधांबद्दल थोडंच बोलते. मॅन्कोझेब केवडा आणि करप्यावर जगभर वर्षानुवर्षं वापरलं गेलंय, पण युरोपियन युनियनने २०२० मध्ये त्याची मान्यता पुढे चालू ठेवायला नकार दिला, आणि मी घरच्या काकडीवर ते वापरत नाही, दर दोन दिवसांनी तोडून खायचं फळ आहे हे. मेटॅलॅक्सिलसारखी आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणारी, औषधं फक्त केवड्याच्या गटावर चालतात, भुरीवर शून्य, आणि एकच औषध परत परत मारलं की केवडा त्याला फार पटकन सरावतो. वापरायचंच ठरवलं तर तुमच्याकडे काकडीसाठी मान्यता असलेलंच घ्या, लेबलवर फवारणी ते तोडणी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं ते दिवस मोजा, हातमोजे-मास्क घाला, आणि दोन औषधं मनाने एकत्र करू नका. मोजायचा चमचा स्वयंपाकघरात परत जाता कामा नये.

बियाणं घेताना पाकिटाच्या मागे बारीक अक्षरं असतात, पीएम म्हणजे भुरी, डीएम म्हणजे केवडा, आणि त्यापुढे एचआर किंवा आयआर. एचआर म्हणजे चांगली प्रतिकारशक्ती, आयआर म्हणजे मध्यम, रोग येतो पण उशिरा आणि कमी. मध्यम म्हणून नाक मुरडू नका, घरच्या बागेत ते दोन आठवडे जास्त मिळणं म्हणजे पुष्कळ काकड्या. मात्र प्रतिकारक जात लावली म्हणजे निश्चिंत असंही नाही, अमेरिकेत बरीच वर्षं केवड्याला दाद न देणाऱ्या काकडीच्या जाती होत्या, २००४ मध्ये केवड्याचा नवा प्रकार आला आणि त्या जाती एका हंगामात आडव्या झाल्या. म्हणून मी दोन वेगळ्या जाती थोड्या थोड्या लावते.

रोगट वेलाच्या काकड्या खाव्यात का असं बऱ्याच जणांना वाटतं. भुरी-केवडा माणसाला होत नाही, फळ चांगलं असेल तर धुऊन खा. फवारलेलं असेल तर थांबायचे दिवस पाळून. करप्याचे खोलगट डाग पडलेलं फळ मात्र टाका, तिथून सडतं.

आणि कधी सोडून द्यायचं हेही ठरवावं लागतं. वेल दोन-अडीच महिन्यांचा झाला, भरपूर काकड्या देऊन झाल्या, आणि आता खालून भुरी चढतेय, तर ते म्हातारपण आहे, त्याच्याशी भांडत बसू नका. मी शेंड्याकडची पानं बघते. वरची पाच पानं स्वच्छ आणि नवी मादी फुलं येतायत तर वेल ठेवते, शेंड्यालाही डाग आणि फुलं गळतायत तर त्याच दिवशी काढते, कारण तो वेल आता फक्त शेजारच्या तरुण वेलांसाठी रोग बनवतोय. काढताना आधी बुंध्याशी कापून दोन दिवस तसाच ताटीवर सुकू देत नाही, लोक देतात, ते नको, वाळताना वाऱ्यावर सगळं पसरतं. तुकडे करून थेट पिशवीत.

हे जमतं ते नवीन वेल तयार असतील तर. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी दोन-तीन बिया टाकत जा, जुन्या ताटीपासून जितकं लांब जमेल तितकं, आणि शक्यतो वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, म्हणजे जुन्याचे बीजाणू नव्यावर कमी येतील. जुन्या जागी पुढची दोन वर्षं काकडी, दोडकं, भोपळा, कलिंगड ह्यातलं काही नको, शेंगभाजी किंवा पालेभाजी घ्या. कुंडी असेल तर वरची चार बोटं माती बदला, ताटीची सुतळी टाकून द्या आणि बांबू स्पिरिटने पुसून उन्हात ठेवा, मग नवीन दोरी बांधून रोप चढवा, आणि पहिलं खरं पान आल्यापासून आठवड्यातून दोनदा त्याची मागची बाजू बघायला सुरुवात करा.